मल्टिप्लेक्समधल्या खाण्याचा निर्णय घरीच घ्या: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

‘या वेळी आत काही म्हणजे काही घ्यायचं नाही’ असं म्हणून गेलेली माणसं मध्यंतरात रांगेत भेटतात. मीही त्या रांगेत पुष्कळ वेळा उभी राहिले आहे. गेल्या मे महिन्यात आमची चौघांची तिकिटं १,०४० रुपयांना पडली आणि खाण्याचं बिल झालं १,३६०. वर घरी आल्यावर भूक लागली म्हणून रात्री साडेदहाला खिचडी टाकली ती वेगळीच.

आपला क्रम चुकतो. खायचं की नाही हे आपण ठरवतो मध्यंतरात, म्हणजे पोटात भूक, नाकात लोण्याचा वास, हाताला धरून ओढणारी पोरं आणि मागे पंधरा माणसं अशा अवस्थेत. तिथे निर्धार टिकत नाही. खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या चार थिएटरच्या दारात पोचायच्या आधीच्या आहेत. त्या गाळून थेट पाचवीवर उडी मारली तर आजवर जे झालं तेच पुन्हा होईल.

१. मागची तीन बिलं काढा

फोनमध्ये यूपीआयचे व्यवहार आणि तिकीट ॲपचा इतिहास असतोच. शेवटच्या तीन सिनेमांची खाण्याची बिलं शोधा आणि प्रत्येक पदार्थापुढे दोन गोष्टी लिहा: तो कोणी मागितला आणि किती उरला. ‘बाहेरचं खाणं कमी करायचं’ एवढ्या मोघम ठरावातून काहीच हलत नाही. पदार्थ कशासाठी घेतला होता हे कळलं, तरच त्यावर उपाय सापडतो.

आमची यादी अशी निघाली. नाचोज धाकट्याने मागितले, अर्धे टाकले. पॉपकॉर्नचा मोठा टब नवऱ्याने घेतला, कारण ‘मीडियमपेक्षा फक्त साठ रुपये जास्त’. कोला दोन, कारण पॉपकॉर्न खारट. सासूबाईंनी कॉफी घेतली, ती त्यांना खरंच हवी होती. म्हणजे चार गोष्टींपैकी एक हट्टाची, एक हिशेबाच्या मोहाची, एक तहानेची आणि एकच इच्छेची. भुकेची एकही नाही, असं मला वाटलं होतं. पण शो सहाचा होता आणि दुपारचं जेवण एकला उरकलं होतं. भूक सगळ्यांतच मुरलेली होती.

तुमच्या यादीत भूक जास्त दिसली तर दुसऱ्या पायरीवर जोर द्या, तहान जास्त असेल तर चौथीवर. हात नुसता चाळा म्हणून चालत असेल, तर सहावी आणि सातवी तुमच्यासाठी आहे.

२. जेवणाची वेळ शोशी जुळवा

हिशेब सिनेमाच्या लांबीवर करू नका, घर सोडल्यापासून परत दार उघडेपर्यंतचा करा. अडीच तासांचा सिनेमा जाहिराती, ट्रेलर, मध्यंतर, पार्किंग आणि येण्याजाण्याचा वेळ धरून सहज साडेचार तासांचा होतो. एवढा वेळ कोणीही चहा-बिस्किटावर काढू शकत नाही.

सकाळी दहा-अकराचा शो असेल तर पोह्यांनी भागत नाही, कारण बाहेर पडेपर्यंत दोन वाजलेले असतात. पोह्यांबरोबर मोड आलेली मटकी किंवा एखादं उकडलेलं अंडं घ्या. मुगाचं धिरडं आणि दही असेल तर उत्तमच. तीनचा शो सगळ्यात सोपा: पोटभर जेवून निघा.

खरा घोटाळा साडेसहाच्या शोचा. तो दुपारच्या खाण्याची आणि रात्रीच्या जेवणाची, दोन्ही वेळा गिळतो. बहुतेक घरांत पाचला चहा होतो आणि ‘आल्यावर जेवू’ असं ठरतं. त्याऐवजी साडेपाचला जेवणच करा, निम्मं का होईना: एक भाकरी, उसळ, ताक. थालीपीठ-दहीही चालेल. उरलेलं जेवण, म्हणजे ताकभात किंवा सूप, आल्यावर. मुलांना हा प्रकार विचित्र वाटतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अंगवळणी पडतो. साडेनवाच्या शोला घरी रात्रीचं जेवण झालेलंच असतं. तिथे ‘भूक लागली’ म्हणणारी माणसं पोटाचं नाव सांगतात, मामला चाळ्याचा असतो.

*इशारा:* वाटेत वडापाव खाल्ला की झालं, असं समजू नका. तो खारट-तिखट असतो, अर्ध्या तासात तहान लागते आणि मग ती तहान काउंटरवर नेते.

*तपासणी:* चपला घालताना स्वतःला विचारा, आत्ता समोर पिठलं-भाकरी ठेवली तर खाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर चपला काढा आणि खा. ‘नाही, पण पॉपकॉर्न खाईन’ असं उत्तर आलं तर ती भूक नाही.

३. तिकीट काढताना खाण्याचं पान ओलांडा

सीट निवडल्यावर आणि पैसे भरण्याआधी ॲप एक पान दाखवतं: टब, कोला, कॉम्बो, आधी मागवल्यास सवलत. पुढे जायचं ‘स्किप’ बटण बहुधा बारीक आणि फिकट रंगात असतं. इथे कधीही काही घेऊ नका. सवलत खरी असली तरी नको. कारण तीन दिवसांनी शोच्या वेळी तुम्हाला भूक असेल की नाही हे आज माहीत नसतं, आणि पैसे भरले की पोट भरलेलं असूनही टब उचललाच जातो.

कॉम्बोचं गणितही इथेच समजून घ्या. कॉम्बोची किंमत सुट्या पदार्थांच्या बेरजेपेक्षा कमी असते, हे खरं. पण तुलना त्या बेरजेशी करायची नसते. तुम्हाला जे एकच हवं होतं, त्याच्या किमतीशी करायची. पॉपकॉर्न हवा होता आणि कॉम्बोमुळे दोन कोला आले, तर वाचलं काहीच नाही, उलट दोन कोला विकत घेतले.

तिकीट निघालं की घरात रक्कम आणि नग जाहीर करा. ‘शनिवारी सिनेमा आहे, आत एकच गोष्ट घ्यायची, कुठली ते तुम्ही दोघं मिळून ठरवा.’ मुलांशी ही बोलणी काउंटरसमोर करायला गेलात तर हरलात. घरी केलीत तर ती दोघं आपसांत भांडतात, तुमच्याशी नाही.

४. सोबत काय नेता येतं, हे आधी माहीत करून घ्या

यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. २०१८ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने ‘मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी नाही’ असं सांगितलं होतं. ते अजून लोकांच्या डोक्यात आहे आणि त्या जोरावर गेटवर वाद घातले जातात. पण ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. जिलेबी खाऊन कोणी सीटला हात पुसले तर काय, असा प्रश्न सरन्यायाधीशांनी विचारला होता तो याच सुनावणीत.

त्याच निकालात प्रेक्षकांच्या बाजूच्या दोन गोष्टीही आहेत आणि नेमक्या त्याच कोणी लक्षात ठेवत नाही. पिण्याचं स्वच्छ पाणी थिएटरने फुकट द्यायचं. आणि तान्ह्या किंवा लहान मुलाबरोबर आईवडील असतील तर त्या मुलापुरतं खाणं आत नेऊ द्यायचं.

तेव्हा करायचं ते एवढंच:

रिकामी स्टीलची बाटली बरोबर घ्या. भरलेली अडवली जाण्याची शक्यता असते, रिकामी सहसा जाते. आत गेल्यावर पहिलं काम पाण्याचा कूलर शोधण्याचं. तो बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, अगदी कोपऱ्यात असतो. सापडला नाही तर कर्मचाऱ्याला ‘पिण्याचं पाणी कुठे आहे?’ असं सरळ विचारा. तो काउंटरवरच्या बाटलीकडे बोट दाखवेल. मग ‘फुकटचं पाणी’ असा शब्द वापरा. मला पूर्वी या शब्दाची लाज वाटायची, आता वाटत नाही.

लहान मूल असेल तर त्याचा डबा वेगळा, लहान आणि सहज उघडून दाखवता येईल असा ठेवा. घरात मधुमेही कोणी असेल तर साखर उतरल्यावर लागणाऱ्या गोळ्या किंवा बिस्किटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. ते लपवू नका, तपासणीला उभं राहतानाच सांगा.

*नेहमीची चूक:* ओढणीत गुंडाळलेला भेळेचा पुडा. पकडला गेला तर गेटवर टाकावा लागतो, भुकेलं पोट आणि बिघडलेलं डोकं घेऊन आत जावं लागतं, आणि मग माणूस हट्टाने सगळ्यात मोठा टब घेतो.

*एक तपासणी पैशांची:* पॉपकॉर्न, समोसा, नाचोज हे सुटे पदार्थ आहेत, त्यांची किंमत थिएटर ठरवतं, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. सीलबंद बाटली किंवा पाकिटाचं तसं नाही. त्यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर बिल आणि बाटलीचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या मालावर मॉलसाठी वेगळी आणि किराणा दुकानासाठी वेगळी एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. खाण्याच्या बिलावर जीएसटी ५ टक्के असतो, तोही पाहून घ्या.

५. घ्यायचंच असेल तर काउंटरवर हा क्रम

आधी फलकावरचा किलोकॅलरीचा आकडा वाचा, मग किंमत. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या खाद्य साखळ्यांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे हा आकडा देणं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाने बंधनकारक आहे. अक्षर बारीक असतं, पण शोधलं तर सापडतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ढोबळमानाने २,००० किलोकॅलरी धरतात, त्याच्याशी पडताळा.

पदार्थांबद्दल माझं मत, मोकळेपणाने:

साधा खारा पॉपकॉर्न त्यातल्या त्यात बरा, पण सगळ्यात लहान मापाचा आणि वरून बटर न घातलेला. तेलात फुटलेल्या पॉपकॉर्नच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. ‘लाह्याच तर आहेत, हलक्या’ हा समज त्यांच्या आकारामुळे होतो. वरून ओतलं जातं ते प्रत्येक ठिकाणी लोणीच असतं असंही नाही, पुष्कळदा लोण्याच्या वासाचं तेल असतं. ‘बटर नको’ हे ऑर्डरच्या सुरुवातीलाच सांगा. शेवटी सांगेपर्यंत काउंटरवरच्या पोराने बटरचा पंप दाबलेला असतो.

कॅरमल म्हणजे मिठाई, ती मिठाई समजूनच खा. नाचोजमधले चिप्स तळलेले, सॉस मिठाने भरलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. नाचोज आणि खारा पॉपकॉर्न एकाच वेळी घेऊ नका, एवढं पाळलंत तरी खूप.

कोला मात्र सरळ वगळा. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ग्लासात पन्नास ग्रॅमच्या वर, दहा चमचे. बाहेरून मिसळलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं तीच संघटना सांगते. आणि ‘बर्फ नको, फसवतात’ म्हणून बर्फ काढायला लावणारे हुशार लोक त्याच पैशांत जास्त साखर पितात, हेही मी सांगून ठेवते.

मोठ्या मापाबरोबर ‘रिफिल फुकट’ असेल तर त्या वाटेला जाऊच नका. पैसे वसूल करायचे म्हणून माणूस मध्यंतरात दुसरा टब भरून आणतो आणि पडदा पडेपर्यंत तो घेऊन बसतो. आमच्या घरात हे काम करणारी व्यक्ती हा लेख वाचणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

*इशारा:* चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका. अंधारात, हसताना किंवा दचकताना दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

६. अंधारातला हात आवरण्याची युक्ती

डेव्हिड नील, वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमाला आलेल्या काहींना ताजा पॉपकॉर्न दिला, काहींना सात दिवसांचा शिळा. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची जुनी सवय होती, त्यांनी शिळाही ताज्याइतकाच खाल्ला. चव आवडली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तोच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिला तेव्हा मात्र शिळा बाजूला पडला. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तर थिएटरातही शिळा खाणं कमी झालं.

डाव्या हाताने खायचं म्हटलं की आपल्याकडे आजीचा आवाज कानात येतो. पण नेमकं तेच हवं आहे. हात थबकला पाहिजे.

डावा हात जमत नसेल तर टब मांडीवर घेऊ नका. कागदी ग्लास मागा, ग्लासभर काढून घ्या आणि टब ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाकडे द्या. परत हवा असेल तर तिघांना ‘जरा इकडे द्या’ म्हणावं लागतं. तेवढ्यानेही बऱ्याच वेळा मागितलाच जात नाही. खाणं सिनेमा सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी उघडायचं, हाही आमचा एक नियम. ट्रेलरमध्येच अर्धा टब संपतो आणि तो संपल्याचं कोणाला आठवतही नाही.

मध्यंतरात जागेवर बसून राहू नका. उठा, बाटली भरा, पाय मोकळे करा, पण काउंटरच्या बाजूने नाही, दुसऱ्या दाराने. ज्या थिएटरात वाटच काउंटरसमोरून जाते तिथे एकानेच जायचं, पाकीट दुसऱ्याकडे ठेवून. फोनही ठेवून, कारण पाकीट आता फोनमध्येच असतं.

७. सराव घरच्या सिनेमावर करा

थिएटर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. सवय बदलायला एवढ्या कमी संधी पुरत नाहीत. टीव्हीसमोर मात्र आपण रोज बसतो आणि तिथेही पडदा दिसला की तोंड चालू होतं. म्हणून सराव इथे करायचा: पहिला अर्धा भाग काहीही न खाता पाहायचा, मग वाटी घ्यायची. पाकीट किंवा पातेलं सोफ्यावर येणार नाही, वाटीच येईल.

वाटीत काय? ज्वारीच्या लाह्या, कुरमुऱ्यांचा कमी तेलातला चिवडा, फुटाणे. पॉपकॉर्नच हवा असेल तर घरी करा, पण तो पुष्कळांचा बिघडतो, म्हणून नीट सांगते.

जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल, चिमूटभर हळद आणि फक्त तीन दाणे टाका. झाकण ठेवा, आच मध्यम. ते तीन फुटले म्हणजे तेल तापलं. आता पाव कप, साधारण ५० ग्रॅम दाणे घाला, गॅस बंद करून तीस सेकंद थांबा आणि पुन्हा पेटवा. या तीस सेकंदांत सगळे दाणे सारखे तापतात आणि जवळजवळ एकदमच फुटतात. हा टप्पा गाळला की निम्मे फुटतात, निम्मे करपतात. झाकण किंचित तिरकं ठेवा, वाफ कोंडली तर पॉपकॉर्न चिवट होतो. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंद जायला लागले की गॅस बंद, आणि लगेच परातीत ओता.

मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घ्या. साधं मीठ लाहीवर न चिकटता तळाला जातं, मग वरून आणखी घातलं जातं. बारीक केलेलं पाव चमचा पुरतं. हे सगळं मिळून ३०० किलोकॅलरीच्या आसपास होतं, तिघांना पुरतं आणि खर्च दहा-पंधरा रुपये.

दाणे फुटतच नसतील तर ते सुकलेले आहेत. दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, पाणीच नसेल तर फुटणार कसा? बरणीभर दाण्यांवर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण घट्ट लावून हलवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा करून पाहा.

८. एखाद्या वेळी ठरलेलं मोडलं तर

मोडेल. पाहुणे बरोबर असतील, भाच्याचा वाढदिवस असेल, भावजी ‘अहो वहिनी, मी आणतो’ म्हणून उठतील. त्या दिवशी उपदेश करू नका आणि दुसऱ्या दिवशी उपास धरून भरपाईही करू नका. रात्री ताकभात खा, झोपा. फक्त बिल ठेवा, कारण पहिल्या पायरीसाठी ते पुन्हा लागणार आहे.

उरलेला टब घरी आणायची सवय मात्र सोडा. आम्ही तो पूर्वी स्टीलच्या डब्यात भरून ठेवायचो. सकाळी तो मऊ पडलेला असायचा आणि तरीही चहाबरोबर कोणीतरी तो संपवायचंच.